चोरखमाऱ्याच्या वाटेवरचा फेरा

भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्र लागते म्हणतात. ही गोष्ट भर दुपारची आहे, आणि शब्दन्शब्द खरी आहे.

ज्याच्यावर गुदरली तो बुद्धभूषण माझा मावसभाऊ. सडक अर्जुनीत हायवेलगत त्याचं इंटरनेट देण्याचं छोटं ऑफिस आहे. त्याच्या वडिलांनी घरात भूत हा शब्दही शिरू दिला नव्हता. तो असलं काही रचणार नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्याला!

गेल्या मे महिन्यात घडलं हे.

सकाळपासून नेट बंद. फोनवर फोन.

"काऊन भाऊ, नेट कायले नाही चालून राहिलं?"

"भैया, सुबह से दस मिनट बोल रहे हो!"

बुद्धभूषणचं डोकं फिरलं होतं. त्यात त्याची धाकटी बहीण खुशबू दारात येऊन उभी राहिली. तीन वाजता तिची हैदराबादच्या कंपनीची मुलाखत होती, व्हिडिओवर. मोबाईलच्या डेटावर चित्र अडकत होतं. ही नोकरी हुकली तर मामांनी आणलेलं स्थळ पक्कं होणार होतं, आणि तिला ते नको होतं.

"दादा, साऱ्या गावाले नेट देतं, अन् माह्याच येळेले बंद?"

तिचं काय चुकलं? त्याला स्वतःचाच संताप आला.

आता बिघाड काय होता ते सांगतो, कारण पुढचं सारं त्यावरच आहे. इंटरनेट म्हणजे एकच जाळं नव्हे. हजारो जाळी एकमेकांना जोडलेली असतात. प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. शेजारी शेजाऱ्याला सांगतो, 'तिकडे जायचंय? माझ्याकडून जा, पुढे अमुक, मग तमुक.' त्या माळेत आपलाच क्रमांक दिसला, तर ती वाट घ्यायची नाही. ती फिरून आपल्याकडेच येणार. हा या धंद्यातला पहिला धडा.

पण ही तपासणी दोन परक्या जाळ्यांमध्ये. घरातल्या घरात कोण बघतो? रस्त्याच्या खोदकामात अर्जुनीची केबल तुटली, आणि बुद्धभूषणची स्वतःचीच दोन यंत्रं, एक अर्जुनीच्या ऑफिसातलं आणि दुसरं जंगलापलीकडे चोरखमारा तलावाजवळचं, एकमेकांकडे बोट दाखवत बसली. अर्जुनीचं म्हणे चोरखमाऱ्याकडून जा. चोरखमाऱ्याचं म्हणे अर्जुनीकडून जा. चोरखमाऱ्याला बाहेर पडायची दुसरी केबल शाबूत होती, पण तिथलं यंत्र तिकडे बघेना. ऑफिसात बसून सांगितलेलं ऐकेना; तिथे जाऊनच हात घालावा लागणार होता.

स्क्रीनवर नुसतं उमटत होतं...

अर्जुनी. चोरखमारा. अर्जुनी. चोरखमारा.

"साहेब, आमच्याकडं याले चकवा म्हणतेत," केबल ओढणारा फागू म्हणाला.

"फागू, डोकं नको खाऊ!" बुद्धभूषण खेकसला आणि त्याने बाईकला किक मारली.

तिचं मागचं मडगार्ड ढिलं होतं. गाडी चालली की खड्... खड्... खड्...

जंगलाच्या कडेची वाट. वर ऊन, खाली धूळ, आणि चिटपाखरू नाही. वाटेत एक मोडकी हापशी लागली. दांड्याला लाल फडकं बांधलेलं.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा हापशी...

तेच लाल फडकं.

"असतील दोन," तो स्वतःशीच चिडून म्हणाला.

तिसऱ्यांदा हापशी आली, तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला. त्याने कुठेच वळण घेतलं नव्हतं.

मग लक्षात आलं... पाखरं ओरडत नव्हती. किडे थांबले होते. मडगार्डचा तेवढा आवाज होता.

आणि तो समोरूनही येत होता.

पुढे धुळीत एक बाईक चालली होती. चालवणाऱ्याचा शर्ट निळा. बुद्धभूषणने स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. निळीच.

धूळ जराशी बसली. नंबर प्लेट दिसली...

त्याच्याच गाडीचा नंबर.

त्याने करकचून ब्रेक मारला. वाटेत आपलाच क्रमांक दिसला तर ती वाट घ्यायची नाही! गाडी बंद करून तो हापशीच्या ओट्यावर मटकन बसला.

तोच फोन वाजला.

"दादा, आलं नेट! पोचला का तू?"

आनंदाने तो उठून उभा राहिला.

"अरे... गेलं!"

त्याने कपाळावर हात मारला. तो खाली बसला.

"आलं!"

खात्री करायला तो पुन्हा उठला. गेलं. बसला. आलं.

"दादा, काय करून राहिला बाप्पा तू? तीन वाजले न! आता कशालेच हात नको लावू!" तिने फोन ठेवला.

तो बसून राहिला. इतकी वर्षं यंत्रं शिकलो, आणि नेट चालतं ते माझ्या बुडावर? त्याला अक्षरशः रडू आलं.

तेवढ्यात मागून... खड्... खड्... खड्...

आवाज पाठीमागून गेला आणि झाडीत विरला. मान वळवायची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने परत आला. या खेपेला जवळून.

मग आणखी जवळून.

पाय पळ म्हणत होते. पण उठलं की तिकडे बहिणीचा चेहरा स्क्रीनवर गोठणार होता.

शेवटच्या फेऱ्याला आवाज ऐन पाठीशी थांबला. इंजिन बंद झालं. स्टॅण्ड लावल्याचा आवाज...

खट्.

मानेवर कोणाचा तरी श्वास आला. तो डोळे घट्ट मिटून बसला, पण उठला नाही.

फोन वाजला. "दादा! निवडलं मले!"

त्याने मागे पाहिलं. कोणी नव्हतं. समोर चोरखमारा तलावाची पाळ दिसत होती, हाकेच्या अंतरावर.

तिथलं यंत्र त्याने उघडलं. ते अजून अर्जुनीकडेच बोट दाखवत होतं. म्हणजे नेट चालायलाच नको होतं...

खुशबू आता हैदराबादला आहे. बुद्धभूषणने ती बाईक भंगारात दिली, निळा शर्ट जाळला. तरी अधूनमधून नेट जातं. स्क्रीनवर अर्जुनी, चोरखमारा उमटू लागतं, आणि हायवेच्या ट्रकांच्या गोंगाटातून खड्... खड्... ऐकू येतं. फोनवर लोक शिव्या घालतात. तो मुकाट्याने खाली बसतो. फागूही बसतो. नेट येतं.

गेल्या आठवड्यात मी तिथेच होतो. आवाज ऑफिसच्या पायरीशी थांबला.

खट्.

"उठू नको," बुद्धभूषण पुटपुटला. त्याच्या अंगात पांढरा शर्ट होता.

मी त्याला अजून सांगितलेलं नाही... पण दाराच्या चौकटीवर टेकलेला हात मी पाहिला. बाही निळी होती.