शेजारचा विस्तव

मनूनं कुलूप काढलं, जाम झालेल्या दाराला खांदा दिला आणि आत पाऊल टाकून बघते तर काय — घरभर ऊन! चुलीवर ऊन, उतरंडीवर ऊन, आत्याच्या पाट्यावरवंट्यावर ऊन. तिनं मान वर केली. निम्मी कौलं जागेवर नव्हती आणि आढ्यावर पाय सोडून एक गडी खुशाल शेंगा फोडत बसला होता.

“कोन हाय रं वर?”

गडी असा दचकला, की त्याच्या मांडीवरचं कौल सुटलं, वाशावरनं घरंगळलं आणि मनूच्या पायापासून हातभर अंतरावर फुटलं.

“लागलं का ओ?”

“लागलं असतं तर मी हितं उभी ऱ्हायली असती व्हय?”

“उब्या हाय म्हंजे लागलं न्हाई,” तो म्हणाला. “उगंच घाबरलो की.”

“तुमी घाबरला? आन मी?”

“तुमी न्हाई घाबरला. तुमी वरडला.” आणि तो हसला. भर उन्हात, डोक्यावर आभाळ घेऊन, अगदी मनापासून हसला… आणि मनूला जो राग यायचा होता तो कुठं गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

ही गोष्ट सत्तेचाळीस सालच्या चैत्रातली. थंडीच्या तोंडाला कराडात उंदीर पडायला लागले आणि बघता बघता सारं गाव रानात गेलं. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं झोपडी घातली. चार महिने लोकांनी उसाच्या पाचटाखाली काढले. आता प्लेग ओसरला होता, पण घरात पाय ठेवण्याआधी छपरं उघडून आत ऊन घ्यायचं, गंधकाची धुरी द्यायची, चुना मारायचा, असा नगरपालिकेचा हुकूम होता. त्यासाठी लढाईवरून परतलेल्या जवानांची एक टोळी लावली होती. वरचा गडी त्यातलाच. नाव कृष्णात, राहणार मलकापूर. पलटणीबरोबर पार इटलीपर्यंत जाऊन आला होता, आणि आता कोटाच्या आळीत लोकांची कौलं काढत होता.

कोटाची आळी म्हणजे जुन्या तटाखालची तीस-चाळीस घरांची रांग. आळीचं एक तोंड तटाला आणि दुसरं थेट बाजारपेठेत. पेठेत कुणी मिरचीचा भाव केला तर आळीतल्या बायका चुलीपुढं बसून तो ऐकायच्या, आणि महाग वाटला तर तिथूनच नाकं मुरडायच्या. इतकी ती जवळ! आता मात्र पेठेत निम्म्या दुकानांना फळ्या होत्या. आळीत तर मनूचं घर सोडलं तर आजूबाजूची सगळी कुलपंच.

मनूचे आईबाप ती लहान असतानाच गेलेले. तिला वाढवलं ते बयाआत्यानं. आत्या स्वभावानं फणस — वरनं काटे, आत काय ते विचारू नका. दुपारी आत्या सामान घेऊन आली, तिनं छपराकडं बघितलं, कृष्णाताकडं बघितलं आणि विचारलं, “किती दिस?”

“धा दिस ऊन द्यायचं, आत्या. मग शाकारून देतो.”

“शाकारल्यावर गळाय नगं.”

“गळलं तर मला धरा.”

“तुला धरून काय करू? तू काय घमेलं हाईस?” असं म्हणून आत्यानं परसात तीन दगड मांडले आणि तिथंच पिठलं टाकलं.

दहा दिवस ऊन खायचं म्हणजे खरं तर छपराला माणसाची काही गरज नसते. पण कृष्णात रोज यायचा. कधी कौलाखालची रीप सडलीय म्हणून, कधी वासा बघायचाय म्हणून, आणि कधी काहीच सुचलं नाही तर पाणी प्यायला म्हणून. आळीच्या तोंडाला आड होता, तरी त्याला मनूच्याच कळशीतलं पाणी गोड लागायचं.

“तुमच्या मलकापुरात पानी न्हाई का?” मनूनं एकदा विचारलं.

“हाय की. लय हाय.”

“मग?”

“तितं कुनी मग म्हनून इचारत न्हाई,” तो म्हणाला आणि तांब्या वर करून गटगटा प्यायला. सगळं पाणी सदऱ्यावर सांडलं. मनू तोंडाला पदर लावून आत पळाली… आत तरी कसली, वर छप्परच नव्हतं! तिचं हसणं सरळ बाहेर ऐकू आलं.

हळूहळू पेठ जागी होत होती. एके सकाळी तांबटाची ठोकठोक सुरू झाली. दुसऱ्या दिवशी भडभुंज्याची भट्टी पेटली आणि फुटाण्यांचा वास तटापर्यंत गेला. मनू हातातलं काम टाकून ऐकत राहायची. चार महिने तिनं रानात फक्त कोल्हेकुई ऐकली होती. ती ठोकठोक ऐकून तिला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

“इटलीत आमी एक गाव बगितलं,” कृष्णात वरून म्हणाला. त्यानं तिचे डोळे पाहिले होते, पण तसं दाखवलं नाही. “तोफांनी पार भुईसपाट. सकाळी बगतो तर एक म्हातारी उंबरा झाडत हुती. उंबरा तेवढाच ऱ्हायलावता, माघारी घरच न्हाई.”

“येडी हुती का काय?”

“आमाला बी तसंच वाटलं. पन तिला बगून दुसरी आली झाडू घिऊन. दुपारपतूर धा-बारा जनी. कुनीतरी आदी झाडाय लागतंय, मनुबाई.”

तो पहिल्यांदाच तिचं नाव घेत होता. बाई लावून का होईना, पण घेतलं होतं. त्या दिवशी मनूनं पिठल्यात दोनदा मीठ घातलं.

प्रेमात पडल्याचं मनूला असं कळलं, आणि त्याच संध्याकाळी आत्यानं सांगितलं, “आप्पासो गुळवाल्याला घर हवंय वखारीला. मी हो म्हनलंय. छप्पर शाकारलं की तो ताबा घेनार, आन आपन सांगलीला. माझं दीर लालासाहेब न्यायला तयार हाईत. तुझ्या लगनासाठी तितं एक जागा बी बगितलीया.”

आत्याच्या तोंडावर आजवर मनूनं ब्र काढला नव्हता. कृष्णाताला सांगावं, तर काय म्हणून सांगावं? तो तिचा कोण? आता उरलं फक्त छप्पर. ते उघडं होतं तोवर ती कराडात होती. मनू रात्री चांदण्यांकडं बघत पडायची आणि मनात म्हणायची, देवा, कौलं कमी पडू देत.

अकराव्या दिवशी ती सकाळीच नदीवर गेली, दिवस कलताना धुणं घेऊन परत आली, आणि दारातच थिजली. घरात अंधार होता. थंडगार, नीटस, पूर्ण शाकारलेला अंधार! आणि घामानं निथळणारा कृष्णात शिडीजवळ उभा राहून, पोरानं पहिला नंबर आणावा तसा तिच्याकडं बघत होता.

“येका दिसात केलं! चार गड्यांचं काम येकट्यानं. म्हनलं, तुमाला उगंच उन्हात तरास —”

“कुनी सांगितलं हुतं?”

“आँ?”

“कुनी सांगितलं हुतं येवडं भराभरा कराय? लय हुशारी आली का?” मनूनं धुण्याचा पिळा दाणकन आपटला. “रोज येक कौल लावत बसला असता तर काय हात झिजलं असतं?”

कृष्णाताला काही कळेना. “चुकलं का काय माझं? गळतंय का?”

“गळत न्हाई हेच तर!” ती म्हणाली, आणि मग रडूच फुटलं. हुंदक्यांत सगळं बाहेर आलं — गुळवाला, सांगली, तिथली ती जागा, परवाची कोंडीबाची बैलगाडी.

तो छपराकडं बघत राहिला. त्या कौलांचा त्याला इतका राग आला होता, की सांगायची सोय नाही.

“आत्याला हितं ऱ्हायाचंच न्हाई? का?”

मनूनं डोळे पुसले आणि परसातल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडं बोट केलं. पलीकडचं घर रंगूबाईचं. तीस वर्षांची आत्याची शेजारीण. पहाटे कधी आत्यानं भिंतीवरून गोवरी पुढं करायची, रंगूबाईनं त्यावर निखारे ठेवायचे, कधी उलट. दोन्ही घरांत काडेपेटी क्वचितच लागायची. रंगूबाई रानातल्या झोपडीतच गेली, दोन दिवसांच्या तापात.

“आमच्या आळीची रीत हाय,” मनू म्हणाली. “गाव सोडून परत आलं की पैला विस्तव शेजारच्या चुलीतला आनायचा. काडी वडून घरातली चूल पेटवायची न्हाई. आत्या म्हनती, मी विस्तव मागू कुनाला? कुलपाला? म्हनून तर ती भाईरच तीन दगडांवर रांधतीया. आळीत कुनीच न्हाई ओ… आत्या रडत न्हाई, पन तिला ह्यो शुकशुकाट सोसत न्हाई.”

“रंगूबाईचं कोन हाय?”

“ल्योक हाय, नाथाजी. वगलेवाडीला असतो. का?”

पण तो शिडी तिथंच टाकून निघूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. सबंध दिवस आला नाही. मनू उंबऱ्यावर बसून राहिली. मी उगाच बोलले, तिला वाटलं, घाबरून पळाला असेल. पलटणीतली माणसं तोफेला भीत नाहीत, पण बाईच्या रडण्याला भितात म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंडीबाची गाडी दारात लागली. वळकट्या चढल्या, उतरंड चढली, पाटावरवंटा चढला. आत्या कोरड्या डोळ्यांनी एकेक वस्तू देत होती. मनू गाडीवर चढून सामान लावत होती, ती एकदम थांबली.

“आत्ते… धूर.”

“कसला धूर?”

रंगूबाईच्या छपरातून धूर निघत होता. पातळ, निळसर, सरळ वर जाणारा. आत्याच्या हातातली पाटी तशीच राहिली. ती परसात आली, आणि भिंतीपलीकडं काजळलेल्या तोंडाचा, लाल डोळ्यांचा कृष्णात उभा होता.

“रामराम, आत्या. नवा शेजारी हाय मी. नाथाजीकडनं घर भाड्यानं घेतलंय. पलटणीत मोटार हाकत हुतो, आता स्टँडवरच्या सर्विस मोटारीवर ड्रायव्हर लागलोय, तवा गावातच ऱ्हानार.” त्यानं हातातली फुंकणी वर केली. “चूल पेटवलीया. विस्तव पायजे का?”

आत्याचा हात भिंतीवर टेकला होता, वर्षानुवर्षं गोवऱ्या ठेवून काळ्या पडलेल्या जागेवर.

“तुजी चूल कशानं पेटवलीस?” तिनं विचारलं. “काडीनं?”

“न्हाई. मलकापुरातनं, आमच्या आईच्या चुलीतनं आनला. गोवरीवर धरून, चालत.”

आणि तेव्हा बयाआत्या रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा, भिंतीवर डोकं टेकून, मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि गाडीकडं वळून ओरडली, “कोंडीबा, सामान उतर! आन जाताना त्या आप्पासोला सांग, गुळाला दुसरीकडं जागा बग म्हनावं. हितं मानसं ऱ्हात्यात.”

“आवं, पन आत्ताच तर चढवलं —”

“मग काय झालं? उतरायला का म्हूर्त लागतो? मने, उबी काय? गोवरी घे आन जा पलीकडं.”

रंगूबाईच्या स्वयंपाकघरात नुकता चुना मारल्याचा वास होता. मनू गोवरी घेऊन चुलीपाशी बसली. कृष्णात फुंकणी घेऊन समोर बसला. त्याच्या उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती.

“भाजलं?”

“वाटंत वारं हुतं. इजंल म्हनून हाताचा आडोसा केला.”

“कोसभर?”

“कोसभर.”

तिनं त्याचा हात धरला. सहज, बघायला म्हणून धरला… आणि मग सोडायचा राहूनच गेला.

“आई काय म्हनली?”

“आई? आमची राहीबाई लय तिखाट हाय. म्हनली, विस्तव कुनासाठी? म्हनलं, शेजारनीसाठी. म्हनली, अजून घर बदललं न्हाईस आन शेजारीन कुठनं आली? मग… सगळं सांगितलं.”

“सगळं म्हंजे?”

तो चुलीकडं बघत राहिला. “म्हंजे ती मला लय आवडती, असं. तुमाला आदी सांगाय पायजे हुतं, आईला सांगून बसलो. ह्ये बी चुकलंच.”

मनू खाली मान घालून हसली.

“हितं किती दिस ऱ्हानार?” तिनं विचारलं.

“तुमी हाय तवर.”

“आन मी लगीन हून गेली तर?”

त्याचा चेहरा पडला. “कुठं… सांगलीला?”

“येवडं लांब कशाला?” ती म्हणाली. “गेली तर भिंतीपलीकडं जाईन.”

हे त्याला समजायला अंमळ वेळ लागला. तेवढ्यात भिंतीपलीकडून आत्याचा आवाज आला, “मने, विस्तव आनतीस का तितंच रांधतीस?”

मनूनं निखारे गोवरीवर घेतले, उठली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आजच्या दिस तिकडं आनते, आत्ते!”