तीन मीटर ब्याण्णव

"तुमचा ट्रक माझ्या खुणेवर उभा आहे."

आभानं हे तीनदा सांगितलं, पण केबिनमधल्या माणसाला इंजिनच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. चौथ्या वेळी तिनं निळ्या रंगाचा स्प्रे उंच धरून हलवला. तेव्हा कुठे इंजिन थांबलं आणि खिडकीतून एक सावळा, हसरा चेहरा बाहेर आला.

"मॅडम, तुमची खूण माझ्या ट्रकखाली आली, असंही म्हणता येईल ना?"

"येईल. पण खूण सकाळी सातला केली. ट्रक सात वीसला आला."

तो मोठ्यानं हसला आणि त्यानं ट्रक मागे घेतला... मोजून दोन फूट. सुकापूरच्या त्या अरुंद गल्लीत एवढा मोठा ट्रक इतक्या अलगद सरकलेला आभानं प्रथमच पाहिला. तिनं मान हलवली. तिच्याकडून एवढं कौतुक सहसा कोणाला मिळत नसे.

आभा खारघरला राहायची. भूभौतिकशास्त्र शिकलेली, बोलायला कमी. न खोदता जमिनीखालचे पाइप नि केबल शोधायचे आणि रस्त्यावर त्यांच्या खुणा करायच्या, हे तिचं काम. त्या खुणांवर खड्डे घ्यायला आलेला कुंदन पनवेलच्या खाडीकडल्या एका गावातला. त्याचा ट्रक तिच्या नेमक्या उलट स्वभावाचा होता, प्रचंड आवाजाचा. जोराच्या पाण्यानं माती सैल करायची आणि सोंडेसारख्या जाड नळीतून चिखल ओढून टाकीत भरायचा. ना कुदळ, ना जेसीबीचा दात. खालच्या पाइपला ओरखडासुद्धा नाही.

"किती खोल जातं हे?" आभानं विचारलं.

"कंपनी म्हणते सहा मीटर."

"आणि तुम्ही?"

"मी कंपनीपेक्षा कमी बोलतो."

"तसं वाटत नाही," आभा म्हणाली, आणि स्वतःच हसली.

नवी सांडपाण्याची लाइन टाकण्याआधी त्या भागातले जुने पाइप उघडे करून पाहायचे होते. पहिले दहा खड्डे चाचणीचे. ते जमले तर पुढचं सगळं काम कुंदनला मिळणार होतं. नाही जमले, तर ठेकेदार पुन्हा जेसीबी लावणार होता. गेल्याच महिन्यात त्या जेसीबीनं शेजारच्या गावचा पाइप फोडला होता आणि चार दिवस तिथल्या बायका टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या होत्या.

नऊ खड्डे सरळ गेले. सकाळच्या उन्हात पाण्याचा फवारा उडायचा, एक पुसट इंद्रधनुष्य धरायचा आणि विरायचा. आभाच्या चष्म्यावर चिखलाचे ठिपके पडायचे. पाइप दिसला की ती खड्ड्यात टेप सोडायची आणि आकडा सांगायची, "एक मीटर एकसष्ट." कुंदन टेपकडे बघायचाच नाही. आकडा सांगणाऱ्या ओठांकडे बघायचा. आभाला ते कळायचं... आणि मग ती तोच आकडा वहीत लिहिताना उगाच पुन्हा एकदा हळूच म्हणायची.

पाचव्या खड्ड्याला 'मॅडम' गेलं. सातव्याला 'तुम्ही' गेलं.

दहावा खड्डा कुंदनच्या गावात होता, त्याच्याच घरासमोर. तिथला पाइप बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जुना. अख्खं गाव त्याच्यावर पाणी भरायचं. आभानं पाइपला विजेचा संकेत जोडून त्याची रेघ पक्की केली होती. खोली मात्र रडारचं यंत्र सांगेना. खाडीकाठच्या खाजणातल्या खाऱ्या, ओल्या मातीत रडारची लहर मीटरभरातच मरते. तेव्हा तिनं जुन्या नकाशावरचा आकडा घेतला, दोन मीटर नव्वद.

कुंदनची आई, भामाबाई, दारात उभी राहून बघत होती.

"सगल्यांनी जमिनीच्या पैशात गाड्या घेतल्या, बंगलं बांधलं," ती आभाला म्हणाली. "आमच्या पोरानं चिखल पिनारा हत्ती आनला. आज तरी कायतरी नीट दिसंल का गो?"

"दिसेल, मावशी."

पण दिसलं नाही. दोन नव्वदला काही नव्हतं. तीन मीटरला काही नव्हतं. तीन तीसला सोंड गुरगुरली, थरथरली आणि गच्च तुंबली. वर काही येईना.

ठेकेदाराचा माणूस कल्पेश घड्याळ बघत आला. खड्ड्यात डोकावला.

"आभा मॅडम, तुमची खूणच चुकलीय. कुंदन, दोन मीटर डावीकडे घे नवा खड्डा. चार वाजेपर्यंत पाइप दाखव, नाहीतर उद्या सकाळी जेसीबी. आणि मग तुझा हत्ती घरी बांधून ठेव."

आभाचे कान तापले. तिनं वही उघडली, रेघ पुन्हा तपासली. जागा बरोबर होती. पण खोलीचा आकडा तिनं स्वतः मोजलेला नव्हता. दुसऱ्याचा घेतला होता. आणि त्यावर कुंदनचं सगळं टांगलेलं होतं.

"डावीकडे नाही घेणार," कुंदन म्हणाला.

"का?" कल्पेशनं विचारलं.

"खूण इथं आहे."

"अरे, ती चुकली तर तुझं काम जाईल!"

"जाऊ दे." त्यानं हातमोजे पुन्हा चढवले. "तिची खूण चुकत नाही."

आभानं वर पाहिलं. तो तिच्याकडे बघतही नव्हता. अगदी साध्या आवाजात बोलला होता, जणू आज वार कुठला ते सांगावं. मग ती खाली वाकली. कारण त्या घडीला तिला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. विचार.

पाण्यानं कापलेल्या खड्ड्याच्या भिंती लोण्यासारख्या स्वच्छ होत्या. सगळे थर दिसत होते. वर तांबडा मुरूम आणि दगड. साधारण मीटरभर खाली तो एकदम संपत होता, आणि तिथून काळी, चिकट खाजणाची माती. तांबडा मुरूम इथला नव्हताच. तो आणून टाकलेला होता.

"मावशी," ती ताडकन उठली, "हा रस्ता पूर्वी एवढा उंच होता?"

"कुठला गो! दर दोन वर्सांनी भराव घालतात नि घर खाली जातंय आमचं. मी लगीन करून आले तवा सात पायऱ्या चढून घरात आले. आता एकच हाय. बाकीच्या सा रस्त्यानं गिलल्या."

आभानं त्या उरलेल्या पायरीला टेप लावला. सतरा सेंटिमीटर.

"सगळ्या पायऱ्या सारख्याच होत्या?"

"एकाच गवंड्यानं बांधल्या. कमी-जास्त असत्या तर पडले नसते का, डोक्यावर हंडा घेऊन?"

सतरा सक एकशे दोन. म्हणजे रस्ता एक मीटर दोन सेंटिमीटर वर आला होता. नकाशा खोटा नव्हता. नकाशा जुन्या रस्त्यापासून मोजत होता, आणि ती नव्या रस्त्यापासून.

"कुंदन! तीन मीटर ब्याण्णव!"

"अजून बासष्ट?" त्यानं कपाळावरचा चिखल पुसला. "आभा, तू म्हणतेस म्हणजे असेल. पण हे ओढतच नाहीये. अजून जोरात खाली दाबतो —"

"दाबू नकोस. वर घे."

"वर?"

"सोंडेचं तोंड तू चिखलात बुडवतोस. मग आत चिखलाचा भरीव खांब तयार होतो. तो फार जड आहे, एवढ्या उंच चढणार नाही. चार बोटं वर धर. हवा आत जाऊ दे. हवेबरोबर चिखल उडून येईल, थोडा थोडा. तिला श्वास घेऊ दे, कुंदन."

त्यानं सोंड उचलली... चार बोटं. फवाऱ्याचा दाब कमी केला. एक फुर्रर्र आवाज झाला, सोंड शिंकल्यासारखी हिसकली, आणि काळ्या चिखलाचे गोळे खडखडत वर धावू लागले.

गल्लीतली माणसं जमली. तीन पन्नास. तीन सत्तर. पाणी झिरपायला लागलं, तेही सोंडेनं गिळलं. तीन पंच्याऐंशीला कल्पेशनं घड्याळ बघायचं सोडलं. आभा खड्ड्याच्या कडेला पालथी झोपून आत बघत होती. चष्मा, केस, सदरा, सगळं चिखलात.

आणि मग फवाऱ्याखाली काहीतरी गोल, काळसर चमकलं.

"थांब!"

पाइप अखंड होता. त्यावर एक चराही नव्हता. आभानं टेप सोडला. मागे इंजिन तेवढं धडधडत होतं.

"तीन मीटर चौऱ्याण्णव!"

मग जो गिल्ला झाला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी नारळ आणायला पळालं. भामाबाईनं कमरेवर हात ठेवून कल्पेशला विचारलं, "काय रं, आता हत्ती कुठं बांधायचा?" कल्पेशनं हसून हात जोडले आणि फोन कानाला लावून सांगितलं, "हो साहेब, दहाही जमले. बाकीचं काम यालाच देऊ. आणि खुणांवर मॅडमच पाहिजेत."

कुंदन आभाजवळ आला. काहीतरी बोलला. इंजिनच्या धडधडीत ओठ तेवढे हलले.

"काय?"

तो पुन्हा बोलला. कान लाल झाले होते.

आभा उठली. ट्रकजवळ गेली आणि तिनं बटण दाबून इंजिन बंद केलं. सगळ्या गल्लीत एकदम शांतता पसरली.

"आता बोल."

कुंदननं आजूबाजूला पाहिलं. आई, शेजारी, कल्पेश, नारळवाला, सगळे कान देऊन उभे. "इथं?... नंतर बोलतो ना... म्हणजे, मी एवढंच की..."

"मग मी बोलते," आभा म्हणाली. आवाज स्वच्छ होता. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा. "कुंदन, माझं तुझ्यावर प्रेम आहे. अंदाजे नाही. खात्री करून सांगतेय."

कुंदननं कपाळावरचा चिखल पुसायला हात नेला आणि तो आणखीच पसरवला.

"अरं मेल्या!" भामाबाई कडाडली. "सगल्या गावानं आयकलं, तुला आयकू आलं नाय?"

"आलं," कुंदन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझंही, आभा. सुकापूरपासून." आणि चिखलानं माखलेला हात त्यानं पुढे केला. आभानं तो गल्लीदेखत धरला, घट्ट.