दोन ठोक्यांत अर्धा पापड

"ए राजकुमार, गिटार काढ! नायतर तोंडावरचा रंग खरवडून काढीन!"

"मला काय करायचीय तुझी गिटार, तौफिक?"

हर्सूलमधलं कडुबाचं कूलर दुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत तौफिक, राजकुमार, आमरीन अन् कडुबा हे चौघं हेवी मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवायचे. दुपारी गिटार भिंतीला टेकवून तौफिक जेवायला गेला, आला तर गिटार गायब. पाचला त्याला स्टेजवर जायचं होतं, अन् त्याचे अब्बू आज पहिल्यांदाच ऐकायला येणार होते.

म्हणून त्यानं सुदर्शनला बोलावलं. सुदर्शन पैसे घेऊन तपास करायचा. जोडीला रिझवान, त्याची बाईक चालवणारा.

"चोर कुणीबी असो," रिझवान म्हणाला, "मेटल म्हणजे सगळा एकच कल्ला ना?"

"नाय!" चौघं एकदमच ओरडले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचं जुळलं. "मग एकेक सांगा, अन् दुपारी कुठं होता तेबी," सुदर्शन म्हणाला.

"माझं थ्रॅश," तौफिक म्हणाला. "धडधड, फास्ट, रागाचं."

"आमचं ब्लॅक मेटल," राजकुमार म्हणाला. तोंड पांढरंफटक, डोळ्याभोवती काजळी. "मोहोळ उठल्यावानी तार घुमते, मधी थांबतच नाय. दुपारी मी तळ्यावर फोटो काढत होतो."

रिझवाननं मनातल्या मनात त्यालाच चोर ठरवून टाकलं.

"माझं पॉवर मेटल," आमरीन म्हणाली. "घोडे दौडतेत, तलवारी, अन् वर उंच गाणं. मी घरी गरम पाणी पीत होते."

उरला कडुबा. दरवाजाएवढा गडी, बोटाला पट्टी. "डूम. लई जड, लई हळू. मी बाहेर मोटर दुरुस्त करत होतो."

"बोटाला काय झालं?" सुदर्शननं विचारलं.

"पत्रा लागला."

सुदर्शन खाली वाकला. फरशीवरून त्यानं बोटभर बारीक तार उचलली अन् खिशात टाकली. मग तो शेजारी गेला. भिंतीला लागूनच चंपाबाई पापड लाटत बसलेल्या.

"मावशी, दुपारी काय ऐकू आलं?"

"आलं की! एक ठोका पडायचा अन् घ्यांऽऽव करत लांबायचा. दुसरा पडेस्तोवर माझा अर्धा पापड लाटून व्हायचा. अन् तारा सैल, वाळवणाच्या दोरीवानी फडफडत होत्या."

"तौफिक वाजवतो तसं?"

"छ्या! ते तर शिलाई मशीन. मग टण्णकन कायतरी तुटलं, अन् गप्प."

सुदर्शन हसतच परत आला.

"दुसऱ्याची गिटार हातात आली की तुम्ही मंडळी आपलंच वाजवून बघता. राजकुमार असता तर मावशींना मोहोळ ऐकू आलं असतं. आमरीन असती तर घोडे. पण मावशींनी ऐकला अर्ध्या पापडाएवढा ठोका, अन् ढिल्या तारा. जड आवाजासाठी एवढा सूर कोण उतरवतं?"

सगळ्यांच्या माना कडुबाकडं वळल्या.

"परत ताणताना तार तुटली," सुदर्शननं खिशातली तार दाखवली. "हीच बोटाला लागली. व्हय ना?"

कडुबानं मान खाली घातली. "तुझ्या गिटारीवर डूम कसं वाजतंय, एवढंच बघायचं होतं. तार तुटली, तसं लपवली. नवी आणून बसवली बी, पण तवर तू बोंबलायला लागला होतास. सांगायची हिंमतच नाय झाली."

त्यानं एका रिकाम्या कूलरचा पत्रा काढला अन् आतून गिटार बाहेर ओढली.

तौफिकची मूठ वर गेली. दुसऱ्या हातानं त्यानं तार छेडली. सूर अगदी बरोबर होता. मूठ आपोआप उघडली अन् कडुबाच्या पाठीवर धप्पकन पडली.

"अर्धा पापड!" तो खदखदून हसला. "पण सांगायचं ना येड्या! मी काय खाल्लं असतं का तुला?"

"व्हय," बाकीचे तिघं एकासुरात म्हणाले.

"पण सुदर्शनभाई, ही तार बघूनच कळलं होतं का?" रिझवाननं विचारलं.

तौफिकनं गिटार खांद्याला अडकवली. "नंतर विचार भाई. अब्बू येऊन बसले असतील. मला निघायचंय आता."