चाहूलनळी

मिलिंदने सहा महिन्यांत दारूचा थेंब घेतला नव्हता. तरीही रोज संध्याकाळी केतकीचा फोन कुरकुरायचा : हव्यास सुरू.

ही बातमी तिच्या नवऱ्याच्या पोटातून यायची. दारूने मिलिंदचं स्वादुपिंड सुजलं, फाटलं, आणि झिरपलेल्या रसाची नारळाएवढी पिशवी जठरामागे साठली. पूर्वी अशा पिशवीसाठी पोट फाडत. आता तोंडातून दुर्बीण उतरवतात. तिच्या टोकाचं ध्वनिलहरींचं यंत्र जठराच्या भिंतीपलीकडचं दाखवतं. मग जठरातूनच पिशवीला भोक पाडून छोटी नळी बसवायची. पाणी जठरात, तिथून आपल्या वाटेने. भुसावळच्या डॉ. रुबिना तडवींची नळी त्यापुढे जाऊन तो रस चाखायची.

"चाखते म्हणजे?" केतकीने तेव्हा विचारलं होतं.

"चिंच आठवली की तोंडाला पाणी सुटतं ना? तसंच स्वादुपिंडालाही, नुसत्या आठवणीने. जेवणाच्या आठवणीचा रस वेगळा, दारूच्या वेगळा. नळी तो ओळखते, फोनवर कळवते. म्हणून चाहूलनळी."

"म्हणजे माणसाआधी त्याचं पोट कबुली देणार. हे बायकांनी कधीच शोधलं असतं, फुरसत नव्हती एवढंच."

आता मात्र पिशवी पुन्हा फुगत होती.

"ते पीत नाहीत," तडवी म्हणाल्या. "पण हव्यास आला की रस सुटतो, फाटक्या जागेतून झिरपतो. नळी उपसते त्याहून जास्त भरतंय. जंतू शिरले तर जिवावर बेतेल. संध्याकाळी घरात काय होतं?"

"मी बँकेतून येते, बिबड्या भाजते."

सांगता सांगताच तिला उमगलं. बाहेर कुठे लोळण्यापेक्षा डोळ्यांसमोर प्यावं, म्हणून वीस वर्षं तीच त्याला चखण्याच्या ताटलीत बिबड्या, हे ज्वारीचे पापड, भाजून देत आली होती. दारू सुटली. बिबड्या राहिल्या.

तिने बिबड्या बंद केल्या. तरी संध्याकाळी फोन कुरकुरलाच. रजा टाकून भरदुपारी घरी आली, तर फाटकाची कडी काढताच वाजला.

"नळी खोटं बोलते," मिलिंद म्हणाला.

"तिला खोटं बोलायला तोंड कुठंय?"

तडवींनी सगळ्या नोंदी पाहिल्या आणि चष्मा काढला. "त्यांच्या स्वादुपिंडाला तुम्ही आणि दारू वेगवेगळ्या माहीतच नाहीत, ताई. पिशवी सुकेपर्यंत दोन्ही नकोत."

केतकीने बॅग भरली. मिलिंद दारात उभा राहिला. "जाऊ नको. मी सांभाळीन स्वतःला."

"तू सांभाळलंसच रे. तुझं पोट ऐकत नाही. सरक."

धुळ्याला बहिणीकडे फोन गप्प झाला. पिशवी आक्रसतेय, तडवी कळवायच्या. केतकीला बरं वाटायचं, आणि जरा रागही यायचा. आपल्याविना नवऱ्याचं पोट इतकं शांत असावं?

मग एका दुपारी त्याचा फोन आला.

"बिबड्यांचा डबा सापडला," तो म्हणाला. "भाजायला गेलो, जळल्या."

"मंद आचेवर धरायच्या."

"तू ये ना."

कानाशीच फोन कुरकुरला. हव्यास सुरू. दारूचा की तिचा, ते नळीला सांगता येत नव्हतं. पिशवी मात्र कशानेही भरणार होती.

"केतकी? ऐकतेस ना?"

तिने ओठ घट्ट मिटले. श्वासही त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून फोन हातभर लांब धरला. तो पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला, मग थांबला.

फोनच्या पडद्यावरची हव्यासाची रेघ उतरायला लागली. ती सपाट होईपर्यंत केतकी बघत राहिली.