मळीच्या टाकीतली हाक

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर माझ्या मावसभावाला, जोएलला विचारा. तो सांगणार नाही, ते वेगळं.

मागच्या मे महिन्यात श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात हे घडलं. रात्र नव्हती... भर दुपार होती.

मी ड्रोन उडवतो. जाळीच्या पिंजऱ्यातला छोटा ड्रोन टाकीत सोडायचा, त्याचा सेन्सर पत्र्याला टेकवायचा. गंजानं पत्रा किती खाल्लाय ते बाहेर पडद्यावर दिसतं. जोएल त्याच कारखान्यात फिटर.

त्या दिवशी मळीची रिकामी टाकी होती. तिच्या तळाशी विषारी वायू साचतो. आत गेलेला परत येत नाही, आणि त्याला काढायला गेलेलाही येत नाही. म्हणून तर ड्रोन.

जोएल टाकीच्या तोंडाशी उभा होता. मी लांब, पडद्यासमोर.

अचानक ड्रोनची घरघर थांबली...

पडद्यावरचं चित्र मात्र सरकतच होतं, म्हणजे तो उडतच होता.

मग आतून आवाज आला. खर्र... खर्र...

तारेच्या ब्रशनं गंज खरवडावा तसा.

मी ड्रोनवरचा उष्णतेचा कॅमेरा लावला. तळाशी पत्र्याला टेकून... एक माणूस बसला होता.

जिवंत माणूस त्या कॅमेऱ्यात पिवळा दिसतो. हा काळा होता. उन्हानं तापलेल्या टाकीत तो एकटाच गार.

जोएलला सांगायला मान वर केली... तर तो वाकून आत शिरत होता.

मी धावत जाऊन त्याची कॉलर धरली. तो हिसडे देऊ लागला.

"सोड मला. स्टीफन हाय आत. मरंल त्यो."

"जोएल, मी हितं हाय."

तो वळला. मला बघून मटकन खालीच बसला.

"आतून तू हाक मारत हुतास," एवढंच म्हणाला.

मी तर तोवर तोंडातून शब्दही काढला नव्हता.

टाकीत हवा खेळती करून दुसऱ्या दिवशी माणसं उतरली. आत कुणी नव्हतं. एका जागचा गंज मात्र खरवडलेला होता, खालचं लोखंड चकचकीत. इथे पूर्वी कुणी दगावलंय का, असं मी विचारलं. सगळे इकडेतिकडे बघू लागले.

जोएल आता माझ्या हाकेला ओ देत नाही. आधी समोर येतो, नीट बघतो, मगच बोलतो. घरचे त्याची चेष्टा करतात. मला हसू येत नाही.

ड्रोन अडकला की कधीकधी हवा खेळती करून मलाच टाकीत उतरावं लागतं. एखाद्या दिवशी खरंच आत वायूत सापडलो, आणि जीव तोडून हाक मारली...

तर जोएल जागचा हलणार नाही.