मास्तरांच्या नळीतलं पाणी

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, असं वॉर्डाची जुनी नर्स हट्टीबाई हिने आधीच सांगून टाकलं. "नका मानू," ती म्हणाली, "मी काय तुमच्या मानण्यावर जगते?" समोरच्या बाकावर नव्याने लागलेल्या नर्स मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. स्टुलावर कंडक्टर होता. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला, गळ्याच्या खळगीत श्वासाची नळी कायमची बसलेली. तो नळी बदलायला आला की हट्टीबाई त्याला हमखास धरून ठेवी. चित्रावरून शिकवण्यापेक्षा जिवंत गळा बरा.

तर काही वर्षांपूर्वी वॉर्डात खिडकीपाशी हा कंडक्टर होता आणि दारापाशी भूमितीचे मास्तर. मधे हिरवा पडदा. दोघांच्याही गळ्यात नळी, त्यामुळे दोघांचीही बोलती बंद. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवत आलेली ही माणसं आता पडदा सारून खुणांनी भांडत. मास्तर हवेत वर्तुळ काढत, कंडक्टर हाताने "पुढे सरका" करी. मास्तरीणबाई रोज येत. मास्तरांचा इस्त्रीचा शर्ट त्यांनी उशाच्या खिळ्याला आणून टांगला होता, कारण शनिवारपर्यंत छाती स्वच्छ राहिली तर घरी सोडू, असा डॉक्टरांनी शब्द दिला होता. मास्तरांना त्या शर्टात घरी पाठवायचंच, हे हट्टीबाईने मनाशी पक्कं केलं होतं.

आडवी येत होती ती वॉर्डाची रीत. नळीत कफ साचला की आत बारीक नळी घालून तो मशीनने ओढून काढावा लागतो. त्याला सक्शन म्हणतात. मोठ्या सिस्टर त्याआधी सिरिंजने थोडं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, गळ्याच्या नळीत सोडत. कफ पातळ होतो म्हणे.

"कफ म्हणजे काय साखरेचा पाक आहे, पाणी घातलं की पातळ व्हायला?" हट्टीबाई म्हणाली. "श्वासाच्या हवेला ओल द्या, पोटात पाणी जाऊ द्या, तो आपसूक सैल होतो. वरून ओतलेलं पाणी जंतू घेऊन खाली उतरतं. आणि माणसाला वाटतं आपण बुडतोय."

"मी या वॉर्डात केस पांढरे केलेत."

"तुमचे केस पांढरे झाले म्हणून मास्तरांची फुफ्फुसं बदलत नाहीत, सिस्टर."

डॉक्टर फायलीत डोकं घालून म्हणाले, "अहो, टाका की थोडं. कशाला वाद?"

मोठ्या सिस्टरनी आवाज खाली आणला. "तुझ्या पाळीत त्यांची नळी बुजली, तर तुला कपडे धुवायला धाडीन."

"धाडा. तिथेही पाणी कमीच वापरीन."

तिच्या पाळीत सलाईनचा थेंब कोणाच्या गळ्यात गेला नाही. हवा ओली ठेवणाऱ्या भांड्यावर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. मास्तरांच्या नखांवर गुलाबी रंग चढू लागला. पण पाळी बदलली की मोठ्या सिस्टर सिरिंज भरत.

एका सकाळी पाळ्यांची अदलाबदल होताना हट्टीबाईने ते पाहिलं. सलाईन मास्तरांच्या नळीत गेलं, मागोमाग सक्शन झालं, आणि ओढलेलं जमा होणारी मशीनची काचेची बरणी होती तशी कोरडी राहिली. पाणी आत गेलं ते परत आलंच नाही. "कुठंतरी मुरतंय," ती हसून म्हणाली.

पडद्यापलीकडे कंडक्टर खोकला. भरलेला, ओला खोकला.

त्याला कोणी काही दिलं नव्हतं. तिने सक्शन केलं तर त्याच्या बरणीत नितळ पाणी आलं. कफाचा धागाही नाही. बाहेर ऊन होतं, तरी बरणी हाताला गार लागली.

हट्टीबाई भाबडी नव्हती. तिने मशीन बदललं, नळ्या नव्या लावल्या, भिंतीतून काही जोड आहे का ते वाकून पाहिलं. दोन्ही मशीनं वेगळी, आपापल्या चाकांवर उभी. पुढच्या खेपेला मोठ्या सिस्टर पलीकडे सिरिंज भरू लागल्या तशी ती इकडे कंडक्टरच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसली. श्वास कोरडा होता, कागद चाळल्यासारखा. मग पलीकडे सिरिंजचा दट्ट्या दाबला गेला आणि तिला पाणी ऐकू आलं. ते वरून उतरत नव्हतं. खालून चढत होतं.

बरणीतल्या पाण्याला खडूचा वास होता. थोड्या वेळाने तळाशी पांढरी पूड बसली.

तिने बरणी मोठ्या सिस्टरसमोर धरली. त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली, बेसिनमध्ये ओतली आणि नीट धुतली. "खडू तुझ्या नाकात आहे," त्या म्हणाल्या. पण हात पुसायला त्यांना फार वेळ लागला, आणि दुसऱ्या दिवशी सिरिंज आणखी भरलेली होती.

शनिवारी मास्तरांनी शर्ट घातला. मास्तरीणबाई पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या. तेवढ्यात मोठ्या सिस्टर सिरिंज घेऊन आल्या. "शेवटचं. वाटेत घुसमटायला नकोत."

हट्टीबाई पलंगासमोर हात पसरून उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. हे पाणी जाणार नाही."

मोठ्या सिस्टर पलंगाला वळसा घालून गेल्या.

पडद्याआड काहीतरी आपटलं. कंडक्टरचे पाय होते ते. त्याचे ओठ काळेनिळे पडलेले, नळीच्या तोंडाशी पाणी. हट्टीबाईने धावत जाऊन सक्शन लावलं. बरणी भरली. ओतली. पुन्हा भरली. कुठल्याच माणसाच्या छातीत मावणार नाही एवढं पाणी, गार, आणि वॉर्डभर खडूचा वास.

ती उलट पळाली. मोठ्या सिस्टरच्या हातातून सिरिंज ओढली आणि टाचेखाली चिरडली.

पाणी थांबलं.

"आणि दुपारी मास्तर घरी गेले," हट्टीबाईने बाकाकडे बघत सांगितलं. "टॅक्सीच्या काचेवर बोटाने वर्तुळ काढलं त्यांनी, मला दाखवायला. तेव्हापासून माझ्या वॉर्डात सक्शनआधी सलाईन नाही. कोणी कितीही मोठं येऊन सांगू दे."

मुलींनी श्वास सोडला. एक हसली. "एवढंच ना बाई, ओतायचं नाही. मग काही होत नाही."

कंडक्टरने नळीवर बोट दाबलं. तोंड असं बंद केलं की आता त्याला आवाज फुटे.

"खोटं."

"तुम्ही गप्प बसा हो," हट्टीबाई म्हणाली. "आता कुठे नळी बसवलीय."

त्याने मान हलवली. बोट काढलं, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. आवाज घासून येत होता, पण एकेक शब्द सुटा.

"मास्तर घरी गेलेच नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी वारले. त्याच शर्टात नेले त्यांना."

हट्टीबाईने त्याचं बोट काढायला हात पुढे केला.

"शनिवारी मी बुडत होतो तेव्हा सलाईन कोणी ओतत नव्हतं." श्वास. "मोठ्या सिस्टर माझाच हात धरून उभ्या होत्या. रडत होत्या."

"मग मास्तरांच्या पलंगावर कोण होतं?" हसलेल्या मुलीने विचारलं.

"कोणी नाही. दोन बाया नुसती गादी बदलत होत्या." त्याने पुन्हा श्वास घेतला. "कोरडी घातली की ओली व्हायची."