बारा ते साडेबाराचा रकाना

१९७८ सालच्या डिसेंबरात क्लेमेंटीन तुस्कानो रोज सकाळी नऊला पाचूबंदरजवळच्या एका लहानशा कोळीवस्तीत हजर व्हायची. बोळिंजहून एस्टीने यायचं, खांद्याला छापील फॉर्मांची पिशवी, बरोबर टोक काढलेल्या तीन पेन्सिली. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने तिला चार महिन्यांसाठी नेमलं होतं. काम सरळ होतं. घरोघर जाऊन घरच्या बाईला कालचा दिवस विचारायचा. कधी उठलात, मग काय केलंत, सोबत कोण होतं? फॉर्मवर पहाटेपासून झोपेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने होते. आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न: एकंदरीत तुम्ही समाधानी आहात का?

तो प्रश्न ऐकला की बायका हसत.

वस्तीत एकतीस घरं. घड्याळ मोजक्या घरांत. बायका वेळ सांगायच्या ती भरती-ओहोटीवर, नाहीतर चर्चच्या घंटेवर. त्यातही बाराच्या घंटेला कोणी चुकत नसे. क्लेमेंटीन त्या घंटेवरून मागे-पुढे मोजत रकाने भरायची. घंटा झाली की ती स्वतः किनाऱ्यावर जाऊन डबा खायची.

पहिल्याच दिवशी रोझलीनच्या घरी ते नाव आलं. रोझलीन तिशीची, नवरा होडीवर, पदरात सहा महिन्यांचं पोर.

"बाराची घंटा झाली आन् सेलिन आली," ती म्हणाली. "माझे हात बोंबलात भरलेले. पोर रडून निळं झालं व्हतं. तिनं घेतलं त्याला."

'शेजारीण' असं लिहून क्लेमेंटीन पुढच्या घरी गेली. तिथे मेरी म्हणाली, "सुकट उलथायला सेलिन व्हती ना." तिसऱ्या घरात सेलिनने पाणी आणून दिलं होतं. क्लेमेंटीनला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका वस्तीत तीन सेलिन असायला काय हरकत आहे!

शनिवारी दुपारी तिने बोळिंजच्या घरी, ओटीवर, मोठा चौकटींचा कागद पसरला. एकेका ओळीत एकेक घर. फॉर्मवरून एकेक गोष्ट ती त्यात उतरवू लागली. तासाभराने तिचा हात थांबला.

बारा ते साडेबाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव उतरलं होतं. एकतीसपैकी अठ्ठावीस घरांत. इतर कुठल्याही वेळेला नाही. ज्या घरांना तिने एकाच दिवशी भेट दिली होती, ज्यांचा 'काल' एकच होता, त्यांतही तेच.

उरलेली तीन घरं तिने बोट ठेवून पाहिली. एकात चार सुना होत्या. दुसऱ्यात तीन वयात आलेल्या मुली. तिसऱ्यात विधवा आत्या आणि मावशी दोघीही राहत होत्या. म्हणजे जिथे कामाला हात पुरत होते, तिथे सेलिन गेली नव्हती.

घरांच्या यादीत सेलिन नावाची एकही बाई नव्हती.

सोमवारी ती पुन्हा रोझलीनकडे गेली. मासे सुकवायच्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील लटकत होते, वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते.

"सेलिन राहते कुठे?"

"ती काय, पलीकडं. मेरीच्या घरात."

मेरीने हनुवटीने पुढचं घर दाखवलं. पुढच्या घरातल्या कार्मिनने त्याच्या पुढचं. प्रत्येकीला वाटत होतं, सेलिन शेजारच्या घरातली. आपल्या कामातून डोकं वर काढून दोन बायकांनी ही गोष्ट कधी एकमेकींना विचारलीच नव्हती. त्या वेळेला सवड कोणाला होती? क्लेमेंटीन विहीर ओलांडून, क्रूसाला वळसा घालून चालत राहिली. अठ्ठाविसाव्या घरातल्या म्हातारीने हात उंच करून दाखवलं.

"ती बग, त्या निळ्या दाराच्या घरात. रोझलीनकडं."

भर उन्हात क्लेमेंटीनच्या दंडावर काटा आला. भीती म्हणावी तर तशी नव्हती. लहानपणी पहिल्यांदा चर्चच्या घुमटाखाली उभं राहून वर पाहिलं होतं, तेव्हा पाय असेच हलके झाले होते.

"तुम्ही तिला कधी विचारलं नाही, कुठली म्हणून?" परत येऊन तिने रोझलीनला विचारलं.

"हाताखाली आलेल्या मानसाला कोन विचारतं गं बाय, कुठली म्हणून?"

ती एकाच वेळी अठ्ठावीस घरांत असते, हे क्लेमेंटीनच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

गुरुवारी संस्थेचे हळबेसर तपासणीला आले. पन्नाशीचे, काटेकोर, अविवाहित गृहस्थ. त्यांनी वाळूतच बसून कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"मिस तुस्कानो, झाडाखाली बसून फॉर्म भरणारे मी पुष्कळ पाहिलेत. इतकं धडधडीत खोटं कोणी भरलं नव्हतं."

"मी एकही घर चुकवलेलं नाही, सर."

"मग ही बाई एका वेळी अठ्ठावीस ठिकाणी होती म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. त्यांनी सांगितलं ते लिहिलंय."

हळबेसरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "ठीक आहे. ती आज येईल ना? तुम्ही या टोकाला बसा, मी त्या टोकाला. दोघांनीही तिचा फॉर्म भरायचा. एकाचा कोरा राहणार. तो तुमचा राहिला, तर उद्यापासून यायचं नाही."

दोघांनी घड्याळं जुळवली. सर त्या टोकाच्या सॅन्टन नावाच्या कोळ्याच्या घरी गेले. तिथे त्याची आंधळी होत चाललेली आई एकटीच असे. क्लेमेंटीन रोझलीनच्या ओट्यावर बसली. आत पोर तापाने कण्हत होतं. रोझलीनचे हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरले होते.

घंटा झाली.

मागल्या दाराने एक बाई आत आली. सावळी, मध्यम वयाची, कासोट्याचं लुगडं नेसलेली. श्वास लागलेला नव्हता. तिने पोराला खांद्यावर घेतलं तसं ते उगी राहिलं.

क्लेमेंटीनने फॉर्म मांडीवर घेतला.

"नाव?"

"सेलिन."

"काल बारा वाजता काय करत होतात?"

बाई पोराला थोपटत सांगू लागली. "रोझलीनचं पोर घेतलं. मेरीची सुकट उलथली. कार्मिनला पानी भरून दिलं. सॅन्टनच्या आयची वेनी घातली..." आवाज मऊ, एकसुरी. क्लेमेंटीन लिहीत गेली. रकाना भरला, समास भरला, मग ती कागदाच्या पाठीवर लिहू लागली.

बाई जवळ होती. तिच्या अंगाला चुलीचा वास होता. एका नव्हे, कितीतरी चुलींचा. जळक्या दुधाचा, कोलंबीचा, ओल्या लाकडाचा, तव्यावरच्या भाकरीचा.

क्लेमेंटीनचे डोळे भरून आले. का, ते तिला कळेना.

"शेवटचा प्रश्न. तुम्ही समाधानी आहात का?"

"पोर निजूं दे. मग सांगते."

पोर निजलं. तिने त्याला झोळीत घातलं. रोझलीनने मागे वळून पाहिलं तेव्हा मागलं दार नुसतं लोटलेलं होतं.

साडेबाराला हळबेसर वाळूतून येताना दिसले. ते भराभर चालत नव्हते. त्यांच्या हातातला फॉर्म कोरा नव्हता.

दोघांनी कागद शेजारी शेजारी धरले. तीच नावं, तोच क्रम. अगदी 'पानी भरून दिलं' सुद्धा तसंच. शेवटचा प्रश्न दोन्हीकडे रिकामा.

फक्त सरांच्या कागदावर, पाठीमागे, एक ओळ जास्त होती: गिरगावात तिसऱ्या माळ्यावर एका बाईला भात कालवून दिला. तिला दिसत नाय.

"मी नुसतं लिहीत गेलो," हळबेसर म्हणाले. मग त्यांनी त्या जास्तीच्या ओळीवर बोट ठेवलं. "माझी थोरली बहीण. दिवसभर एकटीच असते. मी सकाळी डबा झाकून ठेवतो आणि निघतो. हे मी कोणाला बोललेलो नाही."

त्यांनी तो मोठा कागद गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला. नोकरीबद्दल कोणी काही बोललं नाही.

दहा दिवसांनी बोळिंजला पोस्टकार्ड आलं. अक्षर सरांचं, नेहमीसारखं सरळ रेषेत.

'मिस तुस्कानो, रकान्यातलं एकही नाव खोडू नये. बहिणीला विचारलं. म्हणाली, "हो, रोज बाराला येते की. अकरा वर्षं झाली. मला वाटलं, तूच ठेवलीस."'